नदीत तरंगलेलं छापखान्याचं यंत्र

अर्जेंटिनातल्या एका नदीकाठच्या गावात काल कोण वारलं, हे साधनाला सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये बसून रोज सकाळी कळायचं. शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण वारलं, हे मात्र तिला खाली अंत्यविधीचा मांडव घातल्यावर कळायचं.

पुण्यात ती स्पॅनिश शिकवायची. निशिकांतला इथल्या बँकेत नोकरी लागली आणि ती डिपेंडंट पासवर त्याच्यामागे आली. तेव्हापासून तिचा हुद्दा एकच, निशिकांतची बायको. भाषेला गंज चढू नये म्हणून ती नेटवर ‘ला रिबेरा’ हे त्या गावचं दैनिक वाचू लागली. २००६ साली दैनिकाने पंचाहत्तरीचा इतिहास लिहायला वाचकांची मदत मागितली, तेव्हा साधनाबाईंनी सर्वांत आधी हात वर केला. कुठल्यातरी कागदावर आपलं नाव छापून यावं, एवढीच तिची हाव होती.

संपादकबाईंनी जुन्या अंकांच्या सीडी पाठवल्या. साधना डाळ करपवत वर्षभर वाचत राहिली. आणि १९५४ सालच्या एका अंकात तिला घबाड सापडलं. दैनिकाचं छापखान्याचं यंत्र नव्या जागेत हलवताना नदीत पडलं, तरंगत पलीकडच्या देशात पोचलं, तिथल्या कस्टमने ते अडवलं आणि संपादक स्वतः होडी घेऊन सोडवून आणायला निघाले. यंत्राचं वजनही दिलं होतं, चार टन. चार टन लोखंड तरंगेल कसं, हा प्रश्न शाळकरी आर्यालाही पडला असता. तिच्या आईला पडला नाही, कारण आई तेव्हा डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशीच्या अंकात यंत्राचा उल्लेखसुद्धा नव्हता. त्यावरून साधनाने असा निष्कर्ष काढला की संपादक फार विनयशील गृहस्थ असावेत.

तिने त्यावर वीस पानी प्रकरण लिहून संपादकबाईंना पाठवलं. एवढ्यावर थांबेल तर ती साधना कसली! बुकित तिमाहला सुचित्राच्या कॉन्डोत मराठी मंडळी जमली होती, तिथे तिने ते मराठीत वाचून दाखवलं. सुचित्राला गहिवरून आलं. विद्यापीठात संशोधन करणारा देवदत्त तेवढा चुळबुळला.

“वहिनी, पण चार टन...”

“देवदत्त, ती नदी कसली आहे, तुला कल्पना नाही!”

कल्पना तिलाही नव्हती. आठवड्याने संपादकबाईंचं उत्तर आलं. ‘ही बातमी २८ डिसेंबरची आहे. आमच्याकडे तो दिवस तुमच्या एक एप्रिलसारखा. त्या दिवशी आम्ही दरवर्षी एक थाप छापतो. बाकीचा इतिहास उत्तम आहे, पण रिवाजाप्रमाणे तो संपादक मंडळाच्या नावाने जाईल. हे प्रकरण मात्र येत्या २८ डिसेंबरला, तुम्ही ते खरं मानलंत हे सांगून, तुमच्या नावाने छापू का? नको असेल तर फाडून टाकते. कुणाला कळणार नाही.’

साधनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री तिने ते उत्तर घरी वाचून दाखवलं.

“टाकू दे फाडून,” निशिकांत म्हणाला. “उगाच शोभा कशाला करून घेतेस?”

“मम्मी, सो एम्बॅरसिंग लाह!” आर्याने सिंगापुरी सुरात री ओढली.

“शोभा झाली तर माझी होईल ना? माझ्या नावाने होईल,” साधना म्हणाली आणि तिने कळवून टाकलं, छापा.

छापून आलं. खाली नाव, साधना केळकर, सिंगापूर. अख्ख्या गावासमोर आपण मूर्ख ठरलो याची तिला लाज वाटली, आणि त्या नावाकडे बघून आनंदही झाला. सहा वाचकांच्या ईमेल आल्या. पाच जणांना हसू आवरत नव्हतं. सहावी एका शहात्तर वर्षांच्या आजींची होती, नातीकडून टाइप करून घेतलेली.

‘तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. बातमी वाचून मी घरात न सांगता छत्री घेतली आणि यंत्र परत येताना बघायला नदीवर गेले. दुपारपर्यंत उन्हात उभी होते. त्रेपन्न वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, ते खरं मानणारी मी एकटीच.’

साधनाने लगेच उत्तर लिहायला घेतलं.

‘आजी, मी तिथे असते तर तुमच्याच छत्रीत उभी राहिले असते.’