शिडं दिसत होती तोवर

सातवीत शाळा सुटली, शेळगावात लग्न झालं आणि नवरा कोचीला सोनं गाळायच्या दुकानात लागला, म्हणून मीही इकडं आले. भाषा येत नसताना बंदराच्या धक्क्यावर झाडायचं काम मिळालं ते मुकादम बाईंमुळं. त्यांना सगळे चेची म्हणतात, म्हणजे ताई. मीही म्हणते.

त्या सकाळी धक्क्यावरून एक जुनी शिडांची बोट सुटणार होती. पणज्याच्या काळातली, तीन डोलकाठ्यांची. आता तिच्यावर शिकाऊ खलाशी नेतात. त्यांत माझा धाकटा भाऊ होता. माहेरचा, वरकुट्याचा, उजनी धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेला.

"आक्का, रडू नगं. हितला समुद्र आधीच खारट हाय," म्हणत तो वर चढला.

लहान बोटीनं ओढत तिला हलवलं. शिडं अजून गुंडाळलेलीच होती. धक्क्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

"पटकन झाड," चेची म्हणाल्या. "प्रवासी बोट येतेय. साहेब बघतायत."

खराटा हातात होता, हात चालेना. आमच्याकडं घरचं माणूस गावाला निघालं की ते वेशीबाहेर जाईपर्यंत केर काढत नाहीत. पण समुद्राला वेस कुठली? आईला फोन लावला, मुकादम बाई झाडायला सांगतायत म्हणाले.

"दिसतंय तवर खराटा टेकवू नगं," ती म्हणाली.

मोडक्यातोडक्या हिंदीत चेचींना सांगितलं. काम जाईल अशी भीती होतीच. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, मग बोटीकडं.

"पाणी भरलेलं चालतं?"

"चालतं. भरलेलं पाणी तर चांगलंच."

"मग बादली भरून टोकाला उभी राहा. आधी धुवायचंय म्हणून सांगते त्यांना."

उभी राहिले. बंदराच्या तोंडाशी शिडं एकेक करून उघडली. आडव्या काठ्यांवर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांतला आपला कुठला, कळेना. कुणीतरी हात हलवला, मी बादली उचलून दाखवली. मग बोट वळली आणि किनाऱ्यावरच्या झाडांआड गेली.

मागं चेची दुसरा खराटा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनीही टेकवला नव्हता.

आईचा फोन आला. "गेलं का गं नजरंआड?"

"व्हय."

"मग झाड आता. त्या बाईला किती खोळंबवशील?"