सरकटे बाईंचा कण्याचा तास

सरकटे बाई विज्ञानाचं पुस्तक उघडायच्या आधी हाताला काहीतरी काम देत. जानेफळच्या शाळेत प्राण्यांचा धडा आला, तेव्हा त्यांनी आम्हा मुलींना एकीमागे एक बसवलं. पुढचीच्या मानेपासून कमरेपर्यंत बोट फिरवून मणके चाचपायचे. मग ओल्या मातीतलं गांडूळ पुढे केलं.

"दाबू नका. नुसतं बोट लावा. लागते का हाड?"

"नाही बाई."

"अन् सापाले?"

सापालाही नाही, असं सगळ्या वर्गाचं मत पडलं. एवढा वळतो, त्याला कुठलं हाड. बाई हसल्या. "तुमच्याहून किती तरी जास्त मणके आहेत त्याले. म्हणून तर वळते."

तेवढ्यात माझ्यामागची निर्मला म्हणाली, "बाई, हिचा कणा वाकडा जाऊन राह्यला."

वर्ग हसला. बाईंनी मला पुढे वाकायला लावलं, पाठ बघितली आणि धडा पुढे चालू केला. संध्याकाळी मात्र त्या आमच्या घरी हजर.

आई म्हणाली, "एकाच कमरेवर हंडा घेते ना, म्हणून कलली. उद्यापासून दुसऱ्या कमरेवर देतो." आमच्या गल्लीत मुलींच्या पाठीवर हाच इलाज होता.

"माय, हंडा बदलून कणा सरळ होत नाही," बाई म्हणाल्या. "पोरगी वाढून राह्यली, तसा बाकही वाढून राह्यला. आता नाही दाखवलं, तर पुढं श्वास घ्याले जड जाईन."

रजा टाकून त्यांनीच आम्हा मायलेकींना एसटीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी कडक प्लास्टिकचा पट्टा दिला. तो कपड्यांतून दिसायचा. पोरं मला खेकडा म्हणू लागली, आणि मी शाळेत जायचं बंद केलं. बाई पुन्हा दारात.

"काऊन वं, खेकड्यात काय खराबी आहे? त्याले आतून कणा नाही, म्हणून बाहेरून कवच. वाढला की टाकून देते. तुले तर आतूनही आहे. चाल, प्रार्थना सुरू होईन."

मी गेले. उंची वाढायची थांबली, तेव्हा पट्टा सुटला. थोडा बाक राहिला आहे, ब्लाऊज शिवताना सांगावा लागतो, एवढंच. घर, नोकरी, दोन बाळंतपणं या पाठीनं नीट निभावली. दर दिवाळीला जाऊन मी हे बाईंना सांगायचे. त्या म्हणायच्या, "हाव, माहीत आहे. चिवडा घे."

यंदा बाई गेल्या. शाळेतल्या शोकसभेत बोलायला माझं नाव पुकारलं. माझी पाठ ठाऊक असलेल्या कुणीतरी खुर्ची पुढे केली. मी ती बाजूला सरकवली आणि उभ्यानं बोलले.