अर्ध्या ग्रॅमचं शेवटचं सील

बाजारात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. "अर्धा ग्रॅम आला!" एवढं एका टोकाला कोणी पुटपुटलं, की दुसऱ्या टोकापर्यंत पारड्यांखाली चिकटवलेली मेणं आणि चुंबकं पटापट निघत. ते वजनमापांचे तपासनीस. एका किराणा दुकानदाराचा काटा अर्ध्या ग्रॅमने खोटा निघाला म्हणून त्यांनी तो सील केला, आणि तो दुकानदार होता त्यांचा सख्खा साडू. साडू चार वर्षं बोलला नाही. "बरंच झालं," तपासनीस म्हणत, "बोलण्यातही माप मारायचा तो."

निवृत्तीनंतर काटे सुटले, नजर सुटली नाही. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याचं हसू, डॉक्टरचं 'काळजी करू नका', सगळं त्यांच्या मनातल्या पारड्यात पडे आणि कमीच भरे. भांडी घासायला एकामागून एक तीन बाया ठेवून झाल्या. बाई निघाली की हे दारात उभे राहून चमचे मोजत. तिसरीने एक दिवस चमच्यांचा जुडगा त्यांच्या हातात कोंबला. "घ्या काका, पुरे आहेत. अक्कल तेवढी मोजायची राहिली, ती सावकाश मोजा." तेव्हापासून भांडी त्यांच्याच गळ्यात पडली.

आणि इथेच सगळं घोडं अडलं. बायको नर्स, तीही कायमची रात्रपाळीवर. सकाळी आठला घरी येई, नऊला आडवी होई. झोपायच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. नळाला पाणी दुपारपर्यंतच, त्यामुळे भांडी सकाळीच घासायला हवीत. त्यात तीस वर्षं लोखंडी वजनं उचलून तपासनिसांच्या उजव्या हाताची पकड गेलेली. पातेलं सुटे, झाकण फरशीवर गडगडत जाई, पेला सिंकमध्ये आपटे.

भिंतीपलीकडून आवाज येई, "अहो, भांडी घासताय की त्यांच्याकडून कबुलीजबाब घेताय?"

"सुटलं गं हातातून!"

"सुटू दे. एक दिवस मीही सुटते या घरातून."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका पहाटे वॉर्डात तिने दोन खाटांच्या गोळ्यांच्या वाट्या अदलाबदल केल्या. खाटेवरची म्हातारीच शहाणी. "बाई, माझी गोळी पांढरी असते, ही पिवळी का?" म्हणाली म्हणून निभावलं. मेट्रनने तिला केबिनमध्ये बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "तुमची झोप होत नाही हे मला दिसतंय. महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर चादरींच्या कोठारात जावं लागेल." निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आयुष्यभर माणसांच्या नाड्या मोजलेल्या बाईने शेवटी चादरींच्या घड्या मोजायच्या! त्या दिवशी ती जेवली नाही. फक्त म्हणाली, "डिशवॉशर आणा. बिनआवाजाचं आणि रोज चालणारं. निवडायचं काम तुमचं. पण या आठवड्यात."

तपासनीस दुकानात गेले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत तळाला दूध करपलेलं पातेलं, अंड्याचा बलक वाळलेली बशी, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक काचेचा पेला. दुकानातल्या यंत्रात मांडलेल्या चकचकीत बश्यांकडे बघून ते म्हणाले, "हे तुमचे पढवलेले साक्षीदार. माझे मी आणलेत."

काउंटरवर पन्नाशीची एक बाई होती. जाडजूड, चष्मेवाली, हलायची घाई नसलेली. तिने पातेलं घेतलं, वास घेतला. "चांगलं करपवलंय. खरवडून टाका आधी. हे कुठलंच यंत्र काढणार नाही."

तपासनीस चपापले. विकणारा माणूस आपणहून 'नाही' म्हणतो? त्यांनी मनात नोंद केली: खरं बोलून डोळ्यांत धूळ टाकायची ही नवी तऱ्हा.

"यावर लिहिलंय चव्वेचाळीस डेसिबल. मोजलं कोणी?"

"कंपनीने."

"म्हणजे चोरानेच पंचनामा केला."

"मग तुम्ही मोजा," बाईने यंत्र चालू करून दिलं.

त्यांनी पेला काठोकाठ भरून यंत्रावर ठेवला आणि पाण्याचा थरथराट बघत राहिले. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या कुशीला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. एकाने विचारलं, "काय झालंय हो त्याला?" बाई म्हणाली, "काही नाही. डॉक्टर तपासतायत."

अशी तीन यंत्रं तपासून झाली. महागडं यंत्र पेला हलवत नव्हतं, मधलंही हलवत नव्हतं. स्वस्तातल्याने पाणी सांडलं. बाईने मधल्यावर हात ठेवला. "हे घ्या. आतून सगळं स्टील, याचे सुटे भाग इथेच मिळतात, दुरुस्तीला माणूस दोन दिवसांत येतो. महागड्यात चार बटणं जास्त, बाकी पोटात तेच. मात्र गाळणी आठवड्याला धुवायची. आणि हे बघा, चालू असताना आवाज कळत नाही म्हणून खाली फरशीवर लाल ठिपका पडतो. ठिपका आहे तोवर काम चालू."

"दिवा लागला म्हणजे काम चाललंय असं कुठे असतं? आमच्या कचेरीत दिवसभर दिवे लागलेले असत."

बाई पहिल्यांदाच हसली. आता महागडं सोडून मधलं का विकते, हा संशय घेऊन तपासनीस घरी गेले, तो रात्रभर उशाला ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मधलंच यंत्र ठरवून आले. बायकोने दिलेला आठवडा संपायला एक दिवस उरला होता.

यंत्र बसवायला मेकॅनिक आला. त्याने वर लेव्हलची पट्टी ठेवली, पाय फिरवले, बुडबुडा मधोमध आणला. तपासनिसांनी स्वतःची जुनी पट्टी आणून शेजारी ठेवली. त्यांचा बुडबुडा डावीकडे.

"वाकडं बसवलंत."

मेकॅनिकने त्यांची पट्टी उचलली आणि उलट टोकाने परत ठेवली. बुडबुडा आता उजवीकडे. "काका, यंत्र नाही हललं. पट्टी वाकडी आहे तुमची. केव्हापासूनची?"

तपासनिसांनी पट्टी कपाटात नेऊन ठेवली.

पहिल्या दिवशी नऊला बायको झोपली, दहाला यंत्र लावलं. फरशीवर लाल ठिपका पडला आणि घर असं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळालाही ओशाळल्यासारखं व्हावं. तपासनीस स्टुलावर बसले. पाच मिनिटं. दहा. आता आवाज नाही, पाणी दिसत नाही, दार बंद. बाजारात असा गप्प बसलेला दुकानदार दिसला की ते आधी त्याच्याच गल्ल्यामागे बघत. रंगेहाथ पकडावं म्हणून त्यांनी झटकन दार ओढलं. खट्! तोंडावर वाफेचा लोट आला, चष्मा धुरकटला, बशीवरून साबण ओघळत होता. 'हं, निदान भिजवतं तरी,' म्हणून त्यांनी दार लावलं, बटण दाबलं. टीं! मग विचार आला, आपण बघतोय हे कळल्यावर कोण काम करणार नाही? वीस मिनिटांनी पुन्हा, खट्. एक पेला काढून उजेडात धरला, परत ठेवला. टीं.

नोंदवही त्यांनी पहिल्याच दिवशी सुरू केली होती. वेळ, आवाज, निरीक्षण. दुपारी भांडी निघाली ती अर्धवट, साबणाचे ओघळ वाळलेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्याही. बायको दुपारी डोळे चोळत बाहेर येई. "अहो, ते खट् आणि टीं काय असतं मधूनमधून? डोळा लागतो न लागतो तोच खट्!"

"सांगत होतो मी. बिनआवाजाचं म्हणे! दुकानात भिजल्या मांजरासारखं आणि घरी आल्यावर नखं."

पाचव्या सकाळी ती आली ती भिंतीला धरून. "आज नाडी बघता बघता उभ्याउभ्या डुलकी लागली मला. मेट्रन दारात उभी होती." चप्पल काढायलाही वाकली नाही, तशीच जाऊन पडली.

तपासनिसांनी नोंदवही उघडली, चष्मा चढवला आणि दुकानात फोन लावला.

"तुमचं यंत्र आवाज करतं आणि भांडी धूत नाही. पुरावा आहे माझ्याकडे लेखी."

"कसला आवाज?" तीच बाई. तसाच न हलणारा स्वर.

"खट्. आणि मग टीं."

"किती वेळा?"

"परवा नऊ. काल अकरा. वेळेसकट लिहिलंय."

"साहेब, खट् दार उघडताना होतं. टीं पुन्हा चालू केल्यावर. मध्ये उघडलं की ते थांबतं बिचारं. उघडतं कोण?"

तपासनिसांनी नोंदवहीकडे पाहिलं. दहा बारा, दार उघडलं, वाफ. दहा बत्तीस, दार उघडलं, पेला काढला. दहा पन्नास, दार उघडलं. अकराच्या अकरा नोंदी, नेटक्या, तारखेसह, प्रत्येकीखाली सही. इतका चोख पुरावा त्यांना अख्ख्या नोकरीत एकाही दुकानदाराविरुद्ध मिळाला नव्हता.

"आहात ना फोनवर?" बाईने विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "गुन्हेगार सापडला. तक्रार मागे."

पण सापडला म्हणून सुधारतो थोडाच! स्वतःवर विश्वास ठेवायचा तर त्यालाही आधार हवा, आणि तो काही त्यांना पुरेसा दिसेना. दुसऱ्या दिवशी बायको झोपल्यावर त्यांनी भांडी लावली, यंत्र चालू केलं आणि कपाटाच्या तळातून एक डबी काढली. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून मागून आणलेला झिजलेला चिमटा, दोरा, शिशाच्या तीन गोळ्या. दोरा दाराच्या मुठीतून घेतला, शेजारच्या कपाटाच्या कडीतून ओढला, टोकं गोळीत ओवली आणि चिमट्याने दाबली. सील. तीस वर्षांत त्यांनी शेकडो सीलं लावली, साडूच्या काट्यालाही, आणि मोडणाऱ्याला कधी सोडलं नाही.

मग ते स्टुलावर बसले. साडेदहाला हात शिवशिवला. ठिपका खरा की खोटा? उजवा हात दोऱ्यापर्यंत गेला, बोटांना शिसं लागलं, हात मागे आला. त्यांनी तो मांडीखाली घालून त्यावर बसून घेतलं. अकरा वाजले. साडेअकरा. बाराला ठिपका विझला. तरी त्यांनी सील लगेच तोडलं नाही; रीतसर वेळ लिहिली, कात्रीने दोरा कापला, दार उघडलं. पेल्यातून खिडकी दिसली, स्वच्छ, गजांसकट.

आनंद पेल्याइतकाच टिकला. बारा वाजून गेले आणि पलीकडून एकदाही 'अहो' नाही? रोज एव्हाना ती दोनदा उठलेली असे. खोकला नाही, कूस बदलल्याची कुरकुर नाही. त्यांनी भिंतीला कान लावला. स्क्रूड्रायव्हर आणून त्याची मूठ कानाला लावली. काही नाही. इतकी शांतता सरळ असू शकते? पाय न वाजवता ते दाराशी गेले, कडी धरली, इंचभर दार ढकललं.

खट्!

अंधारातून पांघरुणाखालून जड आवाज आला. "अहो, दार लावा. माझं अजून संपलं नाही."

त्यांनी दार लावून घेतलं, आणि या दारासाठी डबीत उरलेल्या शिशाच्या दोन गोळ्यांमधली एक शोधायला गेले.