पगार शिकायला आलेले मामा

संगणकावर कामगारांची यादी उघडली, की मामा आधी उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसायचे. मग पडद्यावरच्या पहिल्याच नावावर ते टेकवून म्हणायचे, "मॅडम, ह्याला मी वळखतो."

"ओळखू नका. हजेरी सांगा."

"सांगतो ना. पर ह्याचा बाप आमच्यासंगं भट्टीवर होता. लई तापट माणूस."

आमच्या कारखान्यात साडेतीनशे कामगार. या वेगाने ऑक्टोबरचा पगार संक्रांतीला झाला असता.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणारा आमचा कारखाना. मी तिथे वेतन विभाग सांभाळते. मामांनी भट्टीवर वीस वर्षं काढली होती. मग मणक्यात गॅप निघाली आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली. बारावी कॉमर्स झालेले होते, म्हणून मॅनेजरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. "सहा महिन्यांत पगाराचं काम शिका. जमलं तर राहा, नाही तर घरी जा." निवृत्तीला चार वर्षं होती आणि धाकटी मुलगी नर्सिंगला होती. घरी जाणं मामांना परवडणारं नव्हतं.

मला त्यांची दया वगैरे आली नाही. मी वर्षभर मदतनीस मागत होते आणि मला मिळाला तो एका बोटाने टाइप करणारा.

रोज घनसावंगीकडून जीपने यायचे. दोनशे पानी वही आणायचे. मी सांगेन ते सगळं वहीत जायचं: मूळ वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधी. व्यवसाय कर दरमहा दोनशे, पण फेब्रुवारीत तीनशे, हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"फेब्रुवारीत दिवस कमी, आन् कापायचे जास्ती?"

"वर्षाचा आकडा जुळवायला."

"मंग मे महिन्यात जुळवा म्हणावं. एकतीस दिवस हाएत."

हा प्रश्न माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मला कधी पडला नव्हता. मी पुढची कपात सांगायला घेतली.

चुका भरपूर करायचे. एकदा एका पोराची तीन दिवसांची गैरहजेरी त्यांनी सरळ हजेरी करून टाकली. मी विचारलं तर म्हणाले, "त्याची बायको बाळंत झाली, मॅडम. मी सोता दवाखान्यात गेल्तो. पोरगी झाली."

"मामा, सॉफ्टवेअरला बाळंतपण दिसत नाही. पुसा ते."

त्यांनी पुसलं, पण दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक अर्ज ठेवला. "त्याची रजा शिल्लक हाय, पाच दिवस. मी काढून बघितलं. अर्ज घेतला, फोरमनची सही घेतली. आता तर बराबर?"

बिनचूक होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस शिकणार.

माझीही एक चूक सांगते, म्हणजे हिशेब बरोबर राहील. नवीन सॉफ्टवेअर येणार होतं, म्हणून मी जुनी यादी साफ करत होते. दोन नोंदी अगदी सारख्या निघाल्या. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव तेच. जन्मतारीखही तीच, एक जून. एकीत बँक खात्याचा रकाना रिकामा होता. मी ती उडवायला निघाले.

"थांबा, थांबा! हे दोघं हाएत."

"मामा, जन्मतारीखसुद्धा एक आहे."

"आमच्याकडं शाळेच्या मास्तरांनी समद्यांना एक जूनलाच जन्माला घातलंय. मी बी एक जूनचाच. एकाच भावकीतले दोघं हाएत ते. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. रातपाळीवाला घाऱ्या डोळ्याचा. गेल्याच महिन्यात लागला, खातं उघडून राह्यला अजून."

मी चौकशी केली. दोघे होते. पगाराच्या दिवशी तो घाऱ्या डोळ्यांचा पोरगा माझ्या खिडकीशी उभा राहिला असता आणि मी त्याला ठणकावून सांगितलं असतं, की तू आमच्याकडे कामालाच नाहीस. मामांचे आभार मी मानले नाहीत. दोन चहा मागवले. त्यानंतर मात्र "ह्याला मी वळखतो" म्हटलं, की मी हात थांबवून ऐकायला लागले.

सहाव्या महिन्याचा सगळा पगार मामांनी एकट्याने केला. मॅनेजरांनी कागद उलटेपालटे करून बघितले आणि "ठीक" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मामा मोसंबीची पिशवी घेऊन आले. स्वतःच्या पगारपत्रकावरचे 'सहायक, वेतन विभाग' हे शब्द त्यांनी मला दोनदा दाखवले. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा मुद्दाम.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. तो आहे तोवर त्याच्याकडे नीट बघून घ्या, एवढंच सांगते.

वर्षभराने कंपनीने पगाराचं काम पुण्याच्या एका एजन्सीला दिलं. त्यांच्याशी बोलायला इथे एक जण पुरे, असं ठरलं. तो एक जण मी. मॅनेजरांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्याही घरी शिकणारी मुलं आहेत.

मामांना नोटीस मिळाली तेव्हा ती त्यांनी पूर्ण वाचली, वहीत घातली आणि विचारलं, "माझा शेवटचा हिशेब कोण करणार?"

"मी करते."

"न्हाई. मी करतो. तुम्ही फक्त तपासा. तेवढं राह्यलंय माझं शिकायचं."

शेवटच्या दिवशी माझ्याशेजारी बसून त्यांनी तो केला. उरलेल्या रजा, ग्रॅच्युइटी, कपाती, सगळं. एका बोटाने, पण एकदाही वही न उघडता. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मी तो एकदा तपासला. पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा ओळीवर पट्टी धरून तपासला. एखादी चूक निघाली असती, तर दुरुस्तीसाठी त्यांना पुन्हा बोलवावं लागलं असतं. एक दिवस तरी.

"काय चुकलं का, मॅडम?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही, मामा."

ते खूश झाले. खरंच खूश झाले. "निघतो जल्दी, जीप जाईल," म्हणाले आणि निघाले.

आता कुणी कामगार खिडकीशी आला, की मी त्याचा टोकन नंबर विचारते आणि पुण्याला कळवते. उत्तर दोन दिवसांत येतं. तक्रार करावी असं त्यात काही नसतं. खिडकीशी आलेला कोण, कुठला, हे सांगणारं मात्र आता शेजारी कुणी नाही.

नियमाप्रमाणे मामांची फाइल बंद करून रेकॉर्डला पाठवायला हवी. तिथला माणूस दोनदा मागून गेला. मी त्याला सांगते, तपासायची राहिली आहे.