जमिनीला न जोडलेलं घर

भिवराबाईनं बावीस हंगाम ऊस तोडला, अन् बावीसच्या बावीस वेळा घर बांधलं. घर म्हणजे कोपी. उसाचं पाचट, चार बांबू, वर फाटक्या मेणकापडाचा तुकडा. दुसऱ्याच्या रानात उभी करायची अन् हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मोडून गाडीत टाकायची. कुठल्या शेतमालकानं कधी म्हटलं नाही, की बाई, कोपी इथंच ठेव, आता ती माझी. त्यामुळं घर आपलं अन् जमीन परक्याची, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तसा तिनं कोयता खाली ठेवला. गावचा आड कोरडा, दोन वर्षं पावसाचा पत्ता नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ढाब्यात भाकरी थापायचं काम मिळालं. तिथंच तिला डबा दिसला. रस्ता रुंद करणारी कंपनी आपल्या कामगारांच्या केबिनी विकून पुढं निघाली होती. लोखंडी सांगाडा, पत्र्याच्या भिंती, खिडकी, दार, आत बल्बची वायरसुद्धा. तयार होऊन आलेलं आख्खं घर. भिवराबाईनं गळ्यातली बोरमाळ मोडली अन् एक डबा घेतला. भावकी म्हणाली, "म्हातारपणी डब्यात राहती का?" ती म्हणाली, "साखर डब्यातच राहती. मुंग्या बाहेर."

जागा दिली फाट्याजवळच्या दूध संस्थेनं. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेचं आवार ओस पडलं. मग चेअरमन भगवानराव आवाराचे तुकडे भाड्यानं द्यायला लागले. क्रेननं डबा आणून चार दगडांवर ठेवला. संस्थेचा सेक्रेटरी पंडित लगोलग म्हणाला, "मावशे, दगडावर न्हाई टिकायचा. वावटळ आली की उडल. सिमेंटचा पाया घाल अन् नटानं आवळून टाक." भिवराबाईला तो माणूस लई मायाळू वाटला. तिनं गवंड्याला गुरुवारचं सांगून ठेवलं.

बुधवारी भाडेकराराच्या सहीला बोलावणं आलं. पंडित वाचायला लागला, "सदर जागा..."

"थांब," भिवराबाई म्हणाली. "मी पाटलाच्या सदरेवर घर ठेवलं न्हाई. आवारात ठेवलंय. खोटं काहून लिवलं?"

ऑफिसातली माणसं पोट धरून हसली. भगवानरावांनी डोळे पुसले. "अहो भिवराबाई, सदर जागा म्हंजी ही जागा. कागदात असंच लिवतेत. करा सही."

"मंग 'ही' लिवायला शाई जास्त लागती का?"

पंडितनं पेन तिच्यापुढं सरकवला.

"पयलाच शब्द मला उलटा कळला," ती म्हणाली, "तर खालचे किती उलटे कळतील. कागद घरी नेते."

"आवारात सहा डबे हायेत," भगवानराव म्हणाले. "सगळ्यांनी इथंच सही केली."

"सहा जण डोळे झाकून गेले, म्हणून सातवीनं बी झाकावे का?"

कागदाची घडी कमरेला खोचून ती निघाली.

गुरुवारी सकाळी टँकरची रांग लागली. घागरी रांगेत अन् बायका रिकाम्या. अंगणवाडीच्या शिवकन्येला कागदाची भाषा येत होती. ती एक ओळ वाचायची अन् त्या मराठीचं मराठी करून सांगायची. भाडं दर महिन्याला, बरोबर. मुदत अकरा महिने, बरोबर. पोटभाडेकरू ठेवू नये.

"म्हंजी?" चंद्रभागाबाईनं विचारलं. तीही त्याच आवारात डब्यात राहायची, सही करून.

"आपल्या घरात दुसरा माणूस भाड्यानं ठेवायचा न्हाई."

"अगं बाई. मला वाटलं पोटुशी बाई ठेवायची न्हाई. म्हणून लेकीला बाळंतपणाला आणली न्हाई की मी."

रांग खदखदून हसली. चंद्रभागाबाई हसली नाही.

मग नववं कलम आलं. 'जमिनीस कायमस्वरूपी जोडलेले कोणतेही बांधकाम मुदत संपताच संस्थेच्या मालकीचे होईल.' शिवकन्या थांबली.

"आत्या, पाया घातला का?"

"आज घालायचाय."

"घातला, तर अकरा महिन्यांनी घर संस्थेचं."

चंद्रभागाबाईच्या डब्याला पाया घालून चार महिने झाले होते. पंडितनंच सांगितलं होतं.

भिवराबाईनं आधी गवंड्याला गाठलं. तो माल कालवायच्या तयारीत होता. "घमेलं पालथं घाल बाबा," ती म्हणाली, "आज सिमेंट न्हाई लागत." मग शिवकन्येला सोबत घेऊन ती संस्थेच्या ऑफिसात गेली अन् कागद टेबलावर उलगडून नवव्या कलमावर बोट ठेवलं.

"हे खोडा. खाली लिवा, पाया असो नसो, डबा भिवराबाईचा. जाताना ती उचलून नेईल."

भगवानराव म्हणाले, "ते छापील हाय."

"छापलं म्हंजी देवानं लिवलं का?"

"अन् न्हाई खोडलं तर?"

"तर क्रेनवाल्याचा नंबर हाय माझ्याकडं. माझं घर उचलून दुसरीकडं जातं. तुमची जागा जाती का?"

भगवानरावांनी पंडितकडं बघितलं. पंडित खिडकीतून रस्ता बघत होता. शेवटी चेअरमनसाहेबांनी आवाज खाली केला. "बरं. तुमच्यापुरतं खोडतो. बाकीच्यांना सांगू नका."

"टँकरच्या रांगेत वाचलाय मालक कागद. आता कुणाला सांगायचं राहिलं?"

दारात चंद्रभागाबाई उभी होती. तिच्यामागं उरलेल्या पाच डब्यांतल्या बायका, भरल्या घागरी कडेवर घेऊन.

पंडितनं कपाटातून सहा करार काढले, भिवराबाईचा सातवा. सातही कागदांवर नववं कलम खोडून नवी ओळ लिहिली. भगवानरावांनी पेन भिवराबाईपुढं धरला. तिनं घेतला नाही.

"आधी तुमची सही. खोडलंय तिथं."

भगवानरावांनी सात ठिकाणी सह्या केल्या. भिवराबाईनं आपला कागद शिवकन्येच्या हातात दिला. "वाच गं, पयल्यापासून," ती म्हणाली, अन् बाकावर मांडी घालून बसली. भगवानरावांची जेवायची वेळ टळून गेली होती. ते उठले, दारातल्या सहा घागरी बघितल्या, अन् परत खाली बसले.