धुरावरचं मटण

देवरीच्या लीलाबाईचा डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास जास्त. तांदूळ असो, दूध असो की बाजारातली सुकी मासळी, आधी ती नाकाशी न्यायची आणि मगच तोंड उघडायची. फौजेतल्या रत्नपालने, तिच्या एकुलत्या एक पोराने, नागालँडची मुलगी पसंत केली तेव्हा घरात चांगलीच आदळआपट झाली. लीलाबाईने मात्र फोटो निरखून पाहिला आणि एवढंच विचारलं, "तिकडचे लोक खातेत काय?"

याचं उत्तर मिळायला २०११चा पावसाळा यावा लागला. सुनेला, आरेनलाला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर नाही म्हणाले. मग रत्नपालच सुट्टीवर येताना तिच्या माहेरी जाऊन तिच्या आईने दिलेलं पुडकं घेऊन आला. वर्तमानपत्राच्या घड्या उलगडल्या तर आत काळाकुट्ट, टणक तुकडा.

"डुकराचं मटन आहे, आई," रत्नपाल म्हणाला. "मीठ लावून चुलीच्या धुरावर सुकवतेत. लय दिवस टिकते."

लीलाबाईने वास घेतला, पुन्हा घेतला. नाक काहीच सांगेना. डुक्कर तिच्या घरी वर्ज्य नव्हतं, पण ते ज्या दिवशी कापलं त्याच दिवशी शिजायचं, लाली पार जाईपर्यंत रटरटायचं आणि उरलं तर कुत्र्यापुढे जायचं. हे कधीचं कोण जाणे, आणि खाणार पोटुशी पोरगी. तरी येता-जाता त्याचा वास घ्यायची खोड काही सुटेना.

रत्नपाल नोकरीवर परतला. आरेनलाचं जेवण म्हणजे भात चिवडणं. दोन घासही पोटात ठरत नव्हते, गालफडं बसली होती. आईने दिलेला तुकडा तिने स्वयंपाकघरात उंच खिळ्याला टांगला होता. बाजारात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आले की त्यात घालून शिजवणार होती. वास्ते देवरीतही खातात आणि तिच्या गावीही, हे कळलं तेव्हा सासू-सुना पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या होत्या.

आणि इथेच लीलाबाईने घोळ घातला. मांजराच्या भीतीने तिने तुकडा उतरवला, पाण्याने खसखसून काजळी घालवली आणि सुक्या मासळीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दिला. मासळी त्या डब्यात वर्षभर राहते, मग हे न राहायला काय झालं? सुनेचं केवढं काम केलं म्हणून ती स्वतःवरच खूश होती.

काही दिवसांनी वास्तेही तिनेच आणले. आरेनलाने डबा उघडला. तुकड्यावर हिरवी बुरशी चढली होती, बोटांना चिकट लागत होतं. वास घ्यायला नाक पुढे करायचीही गरज नव्हती.

"खरडून घेऊ का? मंग चांगलं उकळू," लीलाबाई चाचरत म्हणाली.

"नहीं आई. ऐसा हो गया तो फेंकना है. मेरी मां भी फेंक देती."

आरेनलाने सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, खड्डा करून ते पुरलं. रडली नाही, रागावली नाही, आणि लीलाबाईला तेच जास्त लागलं. आईने पोरीसाठी पाठवलेला घास आपण नासवला, हे तिला खात राहिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने डुकराचं ताजं मटण आणलं आणि गॅस आल्यापासून थंड पडलेली सांदवाडीतली चूल सारवली.

"शिकव मले," ती म्हणाली. "ते काऊन नासलं?"

"पानी लगा, फिर बंद डिब्बा. इसको हवा और धुआं चाहिए."

"पण आमच्यासारखं त्याच दिवशी काऊन नाही खात तुम्ही?"

"पूरा सूअर कटता है आई. एक दिन में कितना खाएंगे?"

हे लीलाबाईला पटलं. पट्ट्यांना मीठ चोळून झालं, चुलीवर दांडा बांधून त्या टांगल्या, आणि खालची आच मंद ठेवायची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली. रात्रीही ती उठून लाकूड सरकवायची. शेजारच्या मंदाबाईने कुंपणावरून विचारलं, "गॅस संपला का वं?"

"नाही वं. मटन सुकून राहिलं."

पट्ट्या काळ्या, कडक झाल्यावर एक काढून वास्त्यांबरोबर शिजायला ठेवली. लीलाबाई झाकण काढू देईना.

"हो गया, आई."

"अजून नाही. धूर तुझा, उकळणं माझं."

"वहां भी अच्छे से उबालते हैं," आरेनला हसत म्हणाली आणि झाकण तसंच राहू दिलं.

त्या दिवशी तिने ताटभर भात खाल्ला आणि पुन्हा मागितला. लीलाबाईला इतका आनंद झाला की स्वतःला वाढून घ्यायचं ती विसरूनच गेली.

संध्याकाळी आरेनला फोनवर आईशी तिच्या भाषेत बराच वेळ बोलली. लीलाबाई दारातच घुटमळत होती. फोन ठेवताच तिने विचारलं, "मी नासवलं ते सांगितलं का?"

"सब बताया."

"मंग?"

"बहुत हंसी. पूछा, तो आज किसके घर का खाया?"

"तू काय म्हटलं?"

"मैंने बोला, अपने घर का."

लीलाबाईने सांदवाडीत जाऊन उरलेल्या पट्ट्यांखाली आणखी एक लाकूड सरकवलं.