चिठ्ठी कशाला

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी हा विषय शिताफीनं टाळत आले. मग तुम्हालाच का सांगते आहे? — परवा एका लग्नात कुणीतरी माझी ओळख करून देताना म्हणालं की कुंदाताई म्हणजे शब्दाच्या पक्क्या, आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी न जेवता घरी आले. म्हणून. तर आता ऐका, आणि मध्येच 'असं होतं हो एखाद्या वेळी' म्हणू नका. त्या वाक्याचा मला फार राग येतो.

आम्ही कुवेतला होतो तेव्हाची गोष्ट. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, हे ड्राफ्ट्समन. राहायला हवल्लीत — दोन खोल्यांच्या घरातली एक खोली आमची, दुसरी एका केरळी कुटुंबाची, आणि स्वयंपाकघर एकच. सकाळी साडेपाच ते साडेसहा गॅस माझा, त्यानंतर तिचा. तीन वर्षं मी घड्याळाकडे बघत पोळ्या लाटल्या. ती बाई चांगली होती, त्यामुळे तर भांडताही यायचं नाही.

आणि समुद्र. लोकांना वाटतं तिकडे बारा महिने उकाडा. जानेवारीत या म्हणावं. वारा असा सुटतो की दोन स्वेटर घालूनही कान दुखतात. तिथली मंडळी त्या दिवसांत समुद्राकडे फिरकत नाहीत, तंबू घेऊन वाळवंटात जातात. दक्षिणेला किनाऱ्यानं त्यांची सुट्टीची घरं आहेत, 'शॅले' म्हणायचे सगळे — ती हिवाळाभर कुलपात. होड्या पालथ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून दोरीनं बांधलेल्या, एकुलतं एक दुकान निम्मं उघडं. तिथं कोण जाणार? आम्ही जायचो. अरुणभावजींच्या मुदीरची, म्हणजे त्यांच्या साहेबाची, तिथं शॅले होती. साहेब तंबूत गेला की तीन दिवस चावी भावजींना द्यायचा.

अरुणभावजी ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र, आमच्यासारखेच नाशिकचे, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर. राहायला अबू हलीफाला, बायको मीना आणि लहानगी रश्मी. चावी त्यांची, मोटार त्यांची. त्यांच्याशिवाय ती सहल नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

त्या शॅलेच्या स्वयंपाकघराला समुद्राकडे उघडणारी खिडकी होती. तीन दिवस ते स्वयंपाकघर माझं असायचं — मीनाला रांधायचा कंटाळा. मी कधीही चहा टाकू शकत होते. दुपारी तीनला टाकला तरी विचारणारं कुणी नाही. आदल्या वर्षी रश्मीला गोवर निघाला आणि सहल रद्द झाली, तेव्हा मी चक्क रडले होते. एक बाई चहाच्या वेळेसाठी काय काय करू शकते, ते आता सांगते.

एकोणऐंशीचा जानेवारी. भावाच्या लग्नासाठी डिसेंबरातच मी एकटी नाशिकला गेले होते. तेव्हा आमच्यात एक पद्धत होती — जो रजेवर जाईल त्यानं इतरांच्या घरी जाऊन यायचं. इकडून साबण, दुधाची पावडर न्यायची, तिकडून लाडू, लोणचं आणि निरोप आणायचे. फोन कुणाच्या घरी होता? पत्राला बारा-पंधरा दिवस लागायचे. रजेवरचा माणूस हाच आमचा टपालवाला.

निघायच्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी भावजींच्या घरी गेले. नाना, त्यांचे वडील, खाटेवर होते. पाय सुजून पांढरे पडलेले, बोलताना धाप. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, मला काय समोर आहे ते कळत नव्हतं असं नाही. तशातही नानांनी मुलाला पत्र लिहवून घेतलं — इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी, नोकरी सांभाळून राहणे. लिहिलेलं वाचून घेतलं आणि समोरच पाकीट चिकटवायला लावलं. लिहीत होती सिंधू, भावजींची धाकटी बहीण. शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, वडिलांजवळ राहिली होती.

पाणी द्यायच्या निमित्तानं तिनं मला आत बोलावलं. डॉक्टरांनी आठ दिवस दिलेत, म्हणाली, फार तर दहा. नाना तार करू देत नाहीत, पोराच्या नोकरीचं काही होईल म्हणून शपथ घातलीये. 'वहिनी, दादाला म्हणावं, असशील तसा नीघ.'

एवढं बोलून तिनं फडताळातली शाळेची वही ओढली, पान फाडलं आणि पेन्सिल शोधून लिहायला बसली. 'दादा' एवढंच लिहून झालं होतं. बाहेर रिक्षा थांबलेली, मला मुंबईची गाडी गाठायची होती. मी म्हणाले, 'चिठ्ठी कशाला? मी सांगते ना.'

तिनं पेन्सिल खाली ठेवली. माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या चिठ्ठीला मी नको म्हटलं तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन — पण त्याचा काय उपयोग? ती चिठ्ठी असती तर पुढचं काही जमलंच नसतं.

मंगळवारी संध्याकाळी विमानतळावर हे आणि भावजी घ्यायला आले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजींनी खिशातून चावी काढून माझ्यासमोर नाचवली. गुरुवार ते शनिवार, वहिनी. वफ्राच्या मळ्यांतून वांगी-टोमॅटोची पेटी पण आणून ठेवलीय.

आणि मी गप्प बसले.

गाडीत बसले ती गप्प, हवल्लीला उतरले ती गप्प. मनाशी म्हटलं, आठ दिवस दिलेत ना डॉक्टरांनी. शनिवारी रात्री परत येऊ, तेव्हा सांगू, रविवारी निघतील. चार दिवसांनी काय बिघडतं? हे मी ज्या सहजपणानं म्हटलं ना, त्याचा मला आजही संताप येतो. थर्मासमध्ये चहा भरावा इतक्या सहज! बुधवारी मी कामावर गेले, दुपारी बेसनाचे लाडू केले, स्वेटर बाहेर काढले. मनाला टोचणी? नाही. खोटं कशाला सांगू. सहल रद्द होईल याचीच भीती होती.

तुम्हाला वाटेल, तिथं गेल्यावर मला चैन पडलं नसेल. पडलं. तीच तर गोष्ट आहे! मी सुखात होते. खिडकी उघडी टाकून, वाऱ्यानं ओट्यावर वाळू येत असताना, मी तीन-तीनदा चहा केला. लांबवर एक माणूस नाही, पाणी शिशासारखं करडं. आम्ही किनाऱ्यावर शेगडी पेटवून वांगी भाजली. शुक्रवारी दुपारी भावजी वांग्यांची सालं काढत माझ्याजवळ बसले होते. हे आणि मीना रश्मीला घेऊन शिंपले वेचायला गेलेले. भावजी हळूच म्हणाले, 'वहिनी, खरं सांगा. नाना कसे आहेत? पत्रावर माझा विश्वास नाही.'

ऐकलंत? त्यांनी विचारलं. दार उघडून दिलं माझ्यासमोर. शुक्रवार दुपार होती, एक दिवस अजून राहिला होता माझा, रात्रीची खिचडी, सकाळचा चहा. मी म्हणाले, 'ठणठणीत आहेत.'

ते हसले. उन्हाळ्यात रजा घेतो म्हणाले.

नाना त्याच दिवशी दुपारी गेले.

सिंधूनं तार केली. ती अबू हलीफाला पोचली तेव्हा भावजींच्या घराला कुलूप. इमारतीच्या राखणदारानं ती जपून ठेवली आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही सामान उतरवत असताना आणून दिली. भावजी तिथंच डिकीच्या कडेला टेकले. नानांना अग्नी सिंधूनं दिला होता. मंगळवारी मी बोलले असते तर? साहेब भला होता, बुधवारी त्याच्या ताब्यातला पासपोर्ट हातात पडला असता, गुरुवारचं विमान, शुक्रवारी सकाळी नाशिक. काही तास मिळाले असते बापलेकांना. 'कदाचित नसतेही मिळाले' असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावलं. तेही आता पुरे झालं.

इथवरचं एक वेळ कुणी पोटात घालेल. पुढचं नाही.

तेरावं करून भावजी परतले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सव्वासहाला आमच्याकडे आले. हे कामावर निघून गेले होते. भावजी उभ्याउभ्याच बोलले — सिंधू म्हणते तिनं तुमच्याजवळ निरोप दिला होता. त्यांचा आवाज दुखावलेला होता, पण संशय नव्हता हो त्यात. मी विसरले म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती. मी काय म्हणाले?

'नाही भावजी. त्या असं काहीच बोलल्या नाहीत. दुःखात माणसाला भास होतात.'

भास! त्या मुलीनं आठ महिने बापाचं अंथरूण-पांघरूण केलं, एकटीनं त्याला अग्नी दिला, आणि मी तिला भास होतात म्हणाले, माझ्या तासाच्या स्वयंपाकघरात उभी राहून. केरळी बाई दाराशी तिच्या पाळीची वाट बघत होती, म्हणून बोलणं तेवढ्यावरच थांबलं.

भावजींनी माझ्यावर विश्वास ठेवला. वेळेवर तार न केल्याचा दोष झाकायला सिंधूनं ही कथा रचली, असं त्यांनी धरलं. तिची पत्रं यायची, ते फोडत नसत. पुढे ती येईनाशी झाली. एका दिवाळीला रजेवर नाशिकला गेले तेव्हा त्यांनी तिच्याकडून ओवाळून घेतलं नाही, राखी आली तीही पाकिटासकट परत पाठवली. मीना मला कौतुकानं सांगायची की ह्यांचं मन किती कणखर आहे बघ.

सिंधूनं मला एकच पत्र लिहिलं. दोनच ओळी. 'वहिनी, तुम्ही सांगायला विसरलात का? विसरला असाल तर दादाला तेवढं सांगा, मी मुळीच रागावणार नाही.' ते मी सकाळी पावणेसहाला गॅसवर धरलं आणि राख मोरीत सोडली. मला तिचाच राग आला होता. मला सुटायची वाट दाखवणारी ही कोण? इतकं चांगलं वागायला हिला सांगितलं कुणी?

अजून आहे. दर पौषात नानांच्या तिथीला भावजी मला आवर्जून जेवायला बोलवत. आमच्यापैकी त्यांना शेवटचं तुम्ही पाहिलंत, वहिनी, तुमचा मान. पानात खीर, वडे, आमसुलाची चटणी. आणि मग, सांगा ना, नाना काय म्हणाले? मी सांगायची. पहिल्या वर्षी नाना खाटेवर होते, दुसऱ्या वर्षी मी त्यांना पडवीत बसवलं, पुढे हातात पेपर दिला. एका वर्षी मी त्यांच्या तोंडी घातलं, 'अरुणला म्हणावं, घाई करू नकोस.' भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रश्मी तेव्हा नऊ-दहाची, इंग्लिश शाळेत जाणारी. ती म्हणाली, 'बट बिफोर यू सेड ही वॉज लाइंग डाउन, आंटी.' तिला मीनानं दटावलं. मीही मोठ्या माणसांत बोलू नये म्हणून तिला रागावले. तेवढं एक पोर माझ्या खोट्याच्या जवळपास आलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं.

आणि सहल? दर हिवाळ्यात होत राहिली. मी तिथं जाऊन चहा करत राहिले.

शहाऐंशीच्या डिसेंबरात एका चुलतभावाचं पत्र आलं की सिंधू गेली. काविळीचं निमित्त, चार दिवस दवाखान्यात. जवळ शाळेतल्या दोघी बायका होत्या. भावजींनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली, गेले नाहीत. आणि पुढच्या महिन्यात साहेबानं चावी दिली, आम्ही शॅलेवर गेलो.

शुक्रवारी दुपारी मी खिडकीशी उभी होते. भावजी आत आले. केस पिकले होते त्यांचे. मग त्यांनी माझ्यासमोर हात जोडले — खरोखर जोडले, देवळात जोडतात तसे.

म्हणाले, 'वहिनी, सिंधूनं तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही आठ वर्षांत एका शब्दानं कधी बोलला नाहीत. आता ती गेली. तिच्या वतीनं मी मागतो, तिला क्षमा करा.'

चहा उकळत होता. मी गॅस बारीक केला.

'केली,' मी म्हणाले.